परदेशातील तेलक्षेत्रे : धोका जमिनीखाली कमी, जमिनीवर अधिक

विशेष प्रतिनिधी

देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते, ही वस्तुस्थिती आता नव्याने सांगण्याची गरज उरलेली नाही. या परावलंबित्वावरचा एक उपाय म्हणून केंद्र सरकारने गेल्या पाव शतकात परदेशातील तेल आणि वायू क्षेत्रांत थेट हिस्सा विकत घेण्याचे धोरण राबविले. बाजारभावाने तेल खरेदी करीत बसण्यापेक्षा विहिरीतच मालकी मिळवावी, हा त्यामागचा विचार. अशा तेलाला या व्यवसायात 'इक्विटी ऑइल' म्हटले जाते. या मोहिमेचा मुख्य भार वाहिला तो 'ओएनजीसी विदेश' या सार्वजनिक कंपनीने. तिच्या जोडीला ऑइल इंडिया, इंडियन ऑइल आणि मुंबईस्थित भारत पेट्रोलियमची 'भारत पेट्रोरिसोर्सेस' याही कंपन्या उतरल्या.

हा पैसा कोणाचा, हे आधी पाहायला हवे. ओएनजीसीच्या तिजोरीत वर्षानुवर्षे जो पैसा जमा झाला, त्याचा मोठा भाग मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात १९७४ मध्ये सापडलेल्या 'मुंबई हाय'ने मिळवून दिला. कंपनीत निम्म्याहून अधिक मालकी केंद्र सरकारची आहे, आयुर्विमा महामंडळाचा मोठा हिस्सा आहे आणि म्युच्युअल फंडांतून लाखो मध्यमवर्गीयांची बचतही तिच्यात अडकलेली आहे. त्यामुळे सुदानच्या वाळवंटात किंवा सैबेरियाच्या दलदलीत एखादा सौदा फसला, तर त्याचा चटका अखेर इथल्याच करदात्याला आणि विमाधारकाला बसतो.

विहीर कोरडी निघाली तर?

तेलाच्या शोधात पहिला धोका निसर्गाचा. यजमान देशाशी करार करताना कंपनी सहसा 'सिग्नेचर बोनस' म्हणून मोठी रक्कम आधीच मोजते, ठराविक मुदतीत ठराविक विहिरी खोदण्याची हमी देते आणि खोदकामाचा सर्व खर्च स्वतः करते. तेल लागले, तर त्यातून आधी हा खर्च वसूल करून घेता येतो आणि उरलेल्या तेलाची सरकार आणि कंपनी यांच्यात वाटणी होते. तेल लागलेच नाही, तर सगळा खर्च बुडीत.

क्युबाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथील खोल समुद्रात स्पेनची रेप्सोल आणि नॉर्वेची स्टॅटऑइल यांच्याबरोबर ओएनजीसी विदेशचा ३० टक्के हिस्सा होता. अमेरिकेच्या व्यापारबंदीमुळे ज्यात अमेरिकी सुटे भाग जवळपास नाहीत असाच खोदकामाचा तराफा हवा होता. तसा तराफा चीनमध्ये बांधला जाऊन तेथवर पोहोचेपर्यंत बराच काळ गेला. मे २०१२ मध्ये विहीर कोरडी निघाल्याचे जाहीर झाले आणि प्रकरण मिटले.

मात्र या धोक्याचा हिशेब तेल कंपन्यांना पक्का ठाऊक असतो. दहापैकी किती विहिरी वाया जातील, याचा अंदाज धरूनच त्या पैसे लावतात. भारतीय कंपन्यांना खरे चटके बसले ते तेल हमखास असलेल्या ठिकाणी.

इराणपासून सुरुवात

ओएनजीसी विदेशचा जन्म १९६५ चा. तेव्हा तिचे नाव होते 'हायड्रोकार्बन्स इंडिया' आणि ती स्थापन झाली होती इराणच्या समुद्रातील रोस्तम आणि रक्ष या तेलक्षेत्रांसाठी. इटलीची आजिप, अमेरिकेची फिलिप्स आणि इराणची राष्ट्रीय कंपनी तिच्या भागीदार होत्या. तेल मिळाले, निर्यातही सुरू झाली. मग १९७९ ची इस्लामी क्रांती झाली आणि नव्या राजवटीने परदेशी कंपन्यांबरोबरचे असे करार रद्दबातल ठरविले. पुढे १९८७ मध्ये इराण-इराक युद्धाच्या धामधुमीत याच रोस्तम क्षेत्रातील फलाटांवर अमेरिकी आरमाराने हल्ला चढविला. म्हणजे या कंपनीला सत्तांतराचा धडा तिच्या पहिल्याच प्रकल्पात मिळाला होता. १९८९ मध्ये तिचे नाव बदलले, पण परदेशातील मोठ्या खरेदीला सुरुवात झाली ती २००० नंतरच.

सुदान : विकणारा का विकतो?

मार्च २००३ मध्ये ओएनजीसी विदेशने सुदानमधील 'ग्रेटर नाईल' प्रकल्पातील २५ टक्के हिस्सा सत्तर कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजून विकत घेतला. विकणारी कंपनी होती कॅनडाची टॅलिस्मन. तेल भरपूर होते, उत्पादन सुरू होते, बंदरापर्यंत सुमारे दीड हजार किलोमीटर लांबीची वाहिनीही तयार होती. मग टॅलिस्मन बाहेर का पडली? उत्तर आणि दक्षिण सुदान यांच्यात १९८३ पासून यादवी पेटलेली होती. तेलाच्या पैशातून खार्टूमचे सरकार दक्षिणेतील गावे उठवीत आहे, असा आरोप मानवाधिकार संघटना आणि चर्च संस्था करीत होत्या. न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला उभा राहिला होता आणि कंपनीच्या समभागांचा भाव या वादामुळे दबलेला होता. पाश्चात्त्य भागधारकांना जे ओझे नको होते, ते भारताने स्वीकारले.

पहिली काही वर्षे सौदा किफायतशीर ठरला, हे मान्य करायला हवे. मे २००३ मध्ये सुदानच्या तेलाची पहिली खेप मंगळूरच्या रिफायनरीत उतरली. पुढे तेलाचे भाव चढत गेले आणि गुंतवलेला पैसा झपाट्याने परत येऊ लागला. या यशाच्या भरात कंपनीने खार्टूम ते पोर्ट सुदान ही ७४१ किलोमीटरची पेट्रोलजन्य पदार्थांची वाहिनीही सुदान सरकारसाठी बांधून दिली. ती २००५ मध्ये पूर्ण झाली आणि तिचे पैसे हप्त्याहप्त्याने मिळायचे होते.

जानेवारी २००५ च्या शांतता कराराने दक्षिणेला सार्वमताचा हक्क दिला होता. सार्वमत जानेवारी २०११ मध्ये झाले आणि ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. जुन्या सुदानच्या तेलापैकी सुमारे तीन चतुर्थांश तेल दक्षिणेकडे गेले. वाहिनी, रिफायनरी आणि बंदर मात्र उत्तरेकडेच राहिले. ओएनजीसी विदेशची क्षेत्रे थेट या नव्या सीमेवर होती. एक करार होता, त्याचे दोन झाले आणि दोन्ही सरकारे एकमेकांची वैरी. तेल वाहून नेण्यासाठी खार्टूमने बॅरलमागे ३० डॉलरहून अधिक मागितले. जुबाची तयारी एक डॉलरही देण्याची नव्हती. जानेवारी २०१२ मध्ये दक्षिण सुदानने विहिरीच बंद केल्या. एप्रिलमध्ये हेगलिग तेलक्षेत्रावर लढाई झाली आणि यंत्रसामग्रीची नासधूस झाली. एप्रिल २०१३ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले, तोच डिसेंबरमध्ये दक्षिण सुदानमध्ये नवी यादवी उसळली.

दरम्यान दक्षिणेचे तेल गेल्याने कफल्लक झालेल्या खार्टूमने परदेशी कंपन्यांच्या वाट्याचे तेल आपल्या रिफायनरीसाठी घेण्यास सुरुवात केली, पण त्याचे पैसे थकविले. वाहिनीचे शेवटचे हप्तेही थांबले. अखेर २०१८ मध्ये सुमारे १० कोटी डॉलरच्या थकबाकीसाठी ओएनजीसी विदेशने लंडनमध्ये लवादाचा मार्ग धरला. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यातच युद्ध सुरू झाले. लवादाचा निवाडा बाजूने लागला, तरी ज्या राजधानीत तोफा धडाडत आहेत तेथून वसुली कशी करायची, हा प्रश्न शिल्लक राहतो.

उशिरा आलेला पाहुणा

सुदान हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. जगातील चांगली, सुरक्षित तेलक्षेत्रे अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांनी फार पूर्वीच पटकावली होती. भारत या बाजारात उशिरा उतरला. त्यामुळे त्याच्या वाट्याला बहुधा दुसऱ्याला नकोसा झालेला हिस्सा आला. डिसेंबर २००५ मध्ये सीरियातील अल फुरात क्षेत्रांमधला पेट्रो-कॅनडाचा हिस्सा भारत आणि चीनच्या कंपन्यांनी मिळून सुमारे ५७ कोटी डॉलरला घेतला. २०११ मध्ये सीरियात यादवी सुरू झाली, वर्षअखेर युरोपीय निर्बंध आले आणि काम थांबले. व्हेनेझुएलात अध्यक्ष ह्युगो चावेझ यांनी २००७ मध्ये परदेशी कंपन्यांचे प्रकल्प सरकारी वर्चस्वाखाली आणल्यावर एक्झॉनमोबिल आणि कोनोकोफिलिप्स यांनी तो देश सोडला. एप्रिल २००८ मध्ये ओएनजीसी विदेशने तेथील सॅन क्रिस्तोबाल क्षेत्रात ४० टक्के हिस्सा घेतला.

चांगला माल बाजारात आला, तर तो हाती लागेलच असे नाही. अंगोलातील शेलचा हिस्सा २००४ मध्ये भारताने जवळपास निश्चित केला होता. तेथील सरकारी कंपनीने अग्रहक्क वापरला आणि तो हिस्सा चीनकडे गेला. त्याच सुमारास चीनने अंगोलाला २०० कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले होते. कझाकस्तानमधील काशागान या अवाढव्य क्षेत्रातील ८.४ टक्के हिस्सा कोनोकोफिलिप्सकडून सुमारे ५०० कोटी डॉलरला घेण्याचा करार नोव्हेंबर २०१२ मध्ये झाला. जुलै २०१३ मध्ये कझाक सरकारने अग्रहक्क बजावला आणि पुढे तो हिस्साही चिनी कंपनीला मिळाला.

उलट बाजूही नोंदवायला हवी. नायजेरियातील अकपो क्षेत्राचा सुमारे २०० कोटी डॉलरचा सौदा डिसेंबर २००५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने धोक्याचे कारण देऊन नाकारला. लगेच पुढच्या महिन्यात चीनच्या सीनूकने तो २२७ कोटी डॉलरला घेतला आणि २००९ मध्ये तेथून तेल येऊ लागले. सावधपणाचीही किंमत असते. मात्र ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नसल्याने तिच्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागत नाही.

इम्पिरियल एनर्जी : भावाचा फास

राजकारण बाजूला ठेवले, तरी केवळ आर्थिक धोक्याने सौदा कसा बुडतो, याचा नमुना म्हणजे इम्पिरियल एनर्जी. लंडनच्या बाजारात नोंदलेल्या या कंपनीची तेलक्षेत्रे रशियात, पश्चिम सैबेरियाच्या तोम्स्क प्रांतात होती. जुलै २००८ मध्ये तेल बॅरलमागे १४७ डॉलरवर पोहोचले होते. ऑगस्टमध्ये ओएनजीसी विदेशने प्रतिसमभाग १,२५० पेन्स, म्हणजे एकूण सुमारे २६० कोटी डॉलरचा देकार जाहीर केला. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली आणि डिसेंबरपर्यंत तेल ४० डॉलरच्याही खाली आले. जाहीर केलेला देकार केवळ बाजार पडला म्हणून मागे घेणे ब्रिटनच्या अधिग्रहण नियमांत सोपे नव्हते. जानेवारी २००९ मध्ये सौदा पूर्ण झाला.

खरे दुखणे त्यानंतर उघड झाले. तेथील खडक घट्ट असल्याने त्यातून तेल सहज वाहून येत नव्हते. प्रतिदिन ३५ हजार बॅरलचे उत्पादन गृहीत धरले होते. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहून कमी मिळाले. भारताच्या महालेखापालांनी २०११ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात या खरेदीवर कठोर ताशेरे ओढले. त्यातच रशियातील उत्पादन कर आणि निर्यात शुल्क तेलाच्या भावाबरोबर वाढत जात असल्याने भाव चढले तरी कंपनीच्या हाती फारसे उरत नव्हते. भाव उतरल्याचा तोटा पूर्ण तुमचा आणि चढल्याचा फायदा मुख्यतः यजमान सरकारचा, अशी ही रचना. अनेक देशांत ती कमीअधिक फरकाने सारखीच आढळते. पैसे ओतण्यापूर्वी सरकार कंपनीची मनधरणी करते. विहिरी आणि वाहिन्या एकदा जमिनीत पुरल्या की त्या उचलून नेता येत नाहीत आणि घासाघीस करण्याची ताकद सरकारकडे जाते.

नफा आहे, पण हाती नाही

व्हेनेझुएलात तेल निघाले, नफा झाला, लाभांशही जाहीर झाला. फक्त तो मिळाला नाही. थकीत रक्कम वाढत वाढत ५३ कोटी ७० लाख डॉलरवर गेली. नोव्हेंबर २०१६ मध्ये ती हप्त्यांनी देण्याचा करार झाला, काही हप्ते आले आणि पुन्हा खंड पडला. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेने तेथील सरकारी तेल कंपनीवर निर्बंध लादल्यावर तर देणे-घेणे करणेच जिकिरीचे झाले. ज्या वादाशी भारताचा संबंध नाही, त्याची झळ भारतीय कंपनीला अशी बसते.

इराणमध्ये हेच आणखी ठळकपणे घडले. फारसी क्षेत्राचा करार २००२ मध्ये झाला. भारतीय कंपन्यांनी २००८ मध्ये तेथे 'फरजाद-बी' हा मोठा वायुसाठा स्वतः शोधून काढला. पुढची वर्षे निर्बंध आणि वाटाघाटींच्या गुऱ्हाळात गेली. मे २०२१ मध्ये इराणने हे क्षेत्र विकसित करण्याचे १७८ कोटी डॉलरचे कंत्राट पेट्रोपार्स या आपल्याच कंपनीला देऊन टाकले.

रशियातील साखालिन-१ हा मात्र भारताचा सर्वांत यशस्वी सौदा गणला जातो. २००१ मध्ये, तेल स्वस्त असताना, सुमारे १७० कोटी डॉलरच्या गुंतवणुकीच्या अपेक्षेने २० टक्के हिस्सा घेतला गेला. २००५ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे टिकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर प्रकल्प चालविणाऱ्या एक्झॉनमोबिलने अंग काढून घेतले आणि प्रतिदिन सुमारे २ लाख २० हजार बॅरलचे उत्पादन त्या वर्षीच्या जुलैत १० हजारांवर घसरले. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष पुतिन यांच्या आदेशाने प्रकल्प नव्या रशियन कंपनीकडे सोपविण्यात आला. भारताला नोव्हेंबरमध्ये आपला हिस्सा परत मिळाला, तो नव्याने अर्ज करून.

व्हँकोर आणि तास-युर्याख या सैबेरियातील क्षेत्रांत भारतीय कंपन्यांनी २०१६ मध्ये कित्येक अब्ज डॉलर गुंतविले. तेथून लाभांश नियमित मिळत होता आणि जाहीर होणे २०२२ नंतरही थांबले नाही. पण निर्बंधांमुळे तो डॉलरच्या रूपात बाहेर काढणे अवघड झाले आणि सुमारे ६० कोटी डॉलर मॉस्कोतील भारतीय मालकीच्या बँकेत साचून राहिले. त्याच काळात भारतीय रिफायनऱ्या रशियाकडून विक्रमी प्रमाणात तेल विकत घेत होत्या, हा यातील विरोधाभास.

तेल येते कुठे?

इक्विटी तेल म्हणजे संकटकाळी आपल्या बंदरात हमखास येणारे तेल, असा समज आपल्याकडे रूढ आहे. प्रत्यक्षात हे तेल बहुतांशी जवळच्या बाजारात विकले जाते आणि मिळालेले पैसे भारतात येतात. वायूच्या बाबतीत तर पर्यायच नसतो, कारण वाहिनी जिथे जाते तिथे वायू जातो. म्यानमारच्या श्वे क्षेत्रात ओएनजीसी विदेशचा १७ टक्के आणि गेलचा ८.५ टक्के हिस्सा. २००४ मध्ये साठा सापडला तेव्हा तो वायू भारतात आणण्याचे बेत होते. बांगलादेशमार्गे वाहिनी नेण्याची बोलणी रखडली आणि २०१३ पासून तो वायू चीनच्या युनान प्रांतात जात आहे. यात तोटा झाला असे नाही. परंतु 'ऊर्जासुरक्षा' या शब्दाखाली मंजुरी घेतलेल्या गुंतवणुकीचे मूल्यमापन एरवीच्या परकीय समभागांप्रमाणेच, परताव्याच्या कसोटीवर व्हायला हवे, एवढे त्यावरून दिसते.

अशा गुंतवणुकीला कवच म्हणून दोन देशांमधील गुंतवणूक संरक्षण करारांचा उपयोग होतो. यजमान सरकारने अन्याय केल्यास कंपनी थेट आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाऊ शकते. परंतु परदेशी कंपन्या भारताविरुद्धच लवादात जिंकू लागल्यावर केंद्राने नवा नमुना करार तयार केला आणि २०१६-१७ मध्ये पन्नासहून अधिक देशांना जुने करार संपविण्याच्या नोटिसा दिल्या. त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. मात्र हे करार दुधारी असतात. ते गेल्याने परदेशात गेलेल्या भारतीय कंपन्यांचे कवचही पातळ झाले, ही बाजू त्या वेळी फारशी चर्चिली गेली नाही.

मोझांबिक : पंधरा वर्षांची प्रतीक्षा

आजवरची सर्वांत मोठी पैज लागली आहे ती मोझांबिकच्या रोवुमा खोऱ्यात. येथील 'एरिया-१' या वायुक्षेत्रात मराठवाड्यात वाढलेल्या व्हिडिओकॉनचा १० टक्के हिस्सा होता. तो ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडियाने २४७.५ कोटी डॉलरला घेतला. पाठोपाठ अमेरिकेच्या अनादार्कोचा आणखी १० टक्के हिस्सा ओएनजीसी विदेशने २६४ कोटी डॉलरला घेतला. हे दोन्ही सौदे २०१३-१४ मधील आहेत. भारत पेट्रोरिसोर्सेसचा १० टक्के हिस्सा आधीपासूनच होता. म्हणजे एकूण ३० टक्के मालकी भारतीय सार्वजनिक कंपन्यांची. दोन्ही विकणाऱ्यांनी वायूचा एक थेंबही जहाजात भरण्यापूर्वी आपले पैसे मोकळे करून घेतले. त्याच वर्षी तेलाचे भाव १०० डॉलरच्या वरून कोसळू लागले.

सुमारे २,००० कोटी डॉलर खर्चाचा, वायू द्रवरूप करण्याचा प्रकल्प जून २०१९ मध्ये मंजूर झाला. त्याआधीच, ऑक्टोबर २०१७ मध्ये, काबो डेलगाडो प्रांतात सशस्त्र बंडखोरी सुरू झालेली होती. मार्च २०२१ मध्ये बंडखोरांनी प्रकल्पाशेजारच्या पाल्मा शहरावर हल्ला केला. एप्रिलमध्ये टोटल या फ्रेंच कंपनीने 'फोर्स मेज्योर' म्हणजे अपरिहार्य आपत्ती जाहीर करून काम थांबविले आणि माणसे बाहेर काढली. ही स्थिती साडेचार वर्षे राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने ती उठविली, तेव्हा विलंबामुळे खर्च ४५० कोटी डॉलरने वाढल्याचा हिशेब मोझांबिक सरकारपुढे ठेवला. वाढीव खर्चातील आपला वाटा भारतीय भागीदारांनाही सोसावा लागेल. पहिला वायू २०२९ मध्ये जहाजात भरण्याचे उद्दिष्ट आहे. हे उद्दिष्ट पाळले गेले, तरी पैसे मोजल्यापासून पहिल्या उत्पन्नापर्यंत पंधरा वर्षे गेलेली असतील.